चाखलेलं कुणी मोजत नाही

“डॉक्टर, पोटातले ते जंतू मुका घेतल्याने पसरतात का?”

प्रश्न माइकमधून गेला आणि शाळेच्या सभागृहात सगळ्या माना वळल्या. मग मागच्या रांगांमधून अशी काही खसखस पिकली की पंख्यांची घरघरही ऐकू येईना. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि विचारणारी मुलगी खरंच तीच आहे ना, याची खात्री करून घेतली. तीच होती. मागच्या वर्षीपर्यंत ही मुलगी ‘हजर’ हा शब्द स्वतःच्या कॉलरला सांगायची आणि वर्गात बसल्या बसल्या गैरहजर ठरायची. तेव्हा तिला सगळे पुटपुटी म्हणायचे. मग शाळेच्या नाटकात निवेदन करणाऱ्या मुलीचा ऐन वेळी घसा बसला, कुणीतरी हिला पडद्याबाहेर ढकललं, आणि तिथे हिला स्वतःचा आवाज सापडला. सापडल्यापासून तो काही तिने खाली ठेवलेला नाही. आता तिला सगळे भोंगा म्हणतात आणि ती आनंदाने ओ देते.

पैज लावली होती वेणी आणि चष्मिश या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी. “भोंग्या, विचारून दाखव. नाही विचारलंस तर आठवडाभर आमची दप्तरं तुझ्या खांद्यावर.” दप्तरांचं तिला काही नव्हतं. पण ‘विचारून दाखव’ म्हटल्यावर खाली मान घालून बसणं हे पुटपुटीचं काम होतं, आणि पुटपुटी आता इथे राहत नव्हती.

पाहुण्या डॉक्टर पोटविकारांच्या होत्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, आणि आवाज असा की माइक नुसता शोभेला. त्या हसल्याही नाहीत आणि रागावल्याही नाहीत. फळ्यावर त्यांनी मघाशीच त्या जंतूचं लांबलचक नाव लिहिलं होतं, हेलिकोबॅक्टर पायलोरी, आणि खाली शेपट्यांचा झुपका असलेला एक वळवळता जीव काढला होता.

“ज्यांना हसायचंय त्यांनी आधी हसून घ्या,” त्या म्हणाल्या. “झालं? आता उत्तर. हा पाहुणा बहुतेकांच्या पोटात लहानपणीच शिरतो आणि घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो, असं दिसतं. तोंडावाटे जात असावा. घाणेरड्या पाण्यातून, न धुतलेल्या हातांमधूनही जात असावा. नेमका कसा जातो, हे अजून पक्कं ठाऊक नाही. त्यामुळे मुक्याला फासावर चढवण्याइतका पुरावा आपल्याकडे नाही.”

टाळ्या पडल्या. वेणी तिच्या गणवेशाची कड ओढत होती. “बस की आता, जिंकलीस!”

डॉक्टरांचं बोलणं संपलं नव्हतं. “जठराला सूज येते, अल्सर होतो, त्यात याचा हात असतो हे सिद्ध झालंय. हल्ली संशोधक आणखी एक गोष्ट तपासताहेत. ज्यांच्या यकृतात चरबी साठते, म्हणजे फॅटी लिव्हर, त्यांच्यात हा जंतू जरा जास्त आढळतो, असं काही अभ्यास म्हणतात. काही म्हणतात, तसं काही नाही.”

भोंग्याने कान टवकारले. ‘काही अभ्यास म्हणतात’ इथपर्यंत तिने प्रत्येक शब्द झेलला. पुढचं वाक्य तिच्या कानावरून तसंच खिडकीतून बाहेर निघून गेलं.

कारण घरात सध्या एकच विषय होता, तो म्हणजे बाबांचं यकृत.

बाबांचं आइस्क्रीमचं दुकान होतं. पुढे काउंटर आणि काचेखाली रंगीबेरंगी डब्यांची रांग, मागे छोटीशी खोली आणि खोलीत मशीन. वरून मिश्रण ओतलं की मशीन पोटात ते घुसळत बसायचं, आणि मनासारखं गारठलं की तोंडातून जाड मऊ पट्टा डब्यात सोडायचं. ते आजोबांनी घेतलेलं. आजोबांचा लांब दांड्याचा चमचाही मशीनच्या बाजूला दोरीने टांगलेला होता. घरची रीत अशी, की उतरता पट्टा त्या चमच्यावर झेलायचा, आधी बाबांनी चाखायचा, मग त्याच चमच्याने आईने, मग तिने. तिघांच्या जिभांनी होकार दिला तरच डबा पुढच्या बाजूला जायचा. खरं तर आई आणि ती नुसत्या माना हलवायच्या. जीभ होती ती बाबांची. दूध कालचं आहे की आजचं, साखर आधी घातली की नंतर, हे ते डोळे मिटून सांगायचे आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की वाटायचं, या माणसाला जगात दुसरं काहीही नको.

मग परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी झाली आणि कळलं की यकृतात चरबी आहे.

“कुणाच्या?” बाबांनी मागे वळून पाहिलं होतं म्हणे. कारण बाबा म्हणजे काठी. काठीला मधोमध एक गाठ असावी तसं जरासं पोट, एवढाच काय तो ऐवज. दारूचा थेंब नाही. जेवायला बसले की दोन घास खाऊन उठायचे.

आत्याने फोनवर आवाज खाली आणून विचारलं, “वहिनी, दादा चोरून पितो का गं?”

“पीत नाहीत,” आई म्हणाली. “चोरून खातात.”

आईचं मत पक्कं होतं. चॉकलेटचा डबा बघता बघता खाली जातो, तो काय उंदीर खातात? बाबा जीव तोडून सांगायचे, “अगं, मी एक वाटीसुद्धा खात नाही. लेकीची शपथ!” “तिला कशाला मध्ये घेता?” आई म्हणायची. आणि लेक मध्येच उभी असायची. तिला दोघांचंही खरं वाटायचं, हाच तर घोळ होता. बाबा खोटं बोलले की त्यांचे कान लाल होतात, आणि ही शपथ घेताना ते कधीच लाल झाले नव्हते.

पुढच्या तपासणीत यकृत होतं तिथेच होतं. आईने हुकूम सोडला, मशीनजवळ जायचं नाही. आता मशीन आई चालवायची आणि बाबा काउंटरवर कोन भरून द्यायचे. ओळखीची गिऱ्हाइकं पहिला घास खाऊन जरा थांबायची आणि “आज वेगळं लागतंय, नाही?” असं सौम्यपणे म्हणायची. बाबा काच पुसत राहायचे. मागे मशीन सुरू झालं की त्यांची मान आपोआप तिकडे वळायची, शाळा सुटल्यावर फाटकाकडे वळते तशी.

आणि आता तर आईने शेवटचं टोक गाठलं होतं. मशीन विकायचं आणि कंपनीचं तयार आइस्क्रीम आणून विकायचं. एक माणूस पुढच्या महिन्यात मशीन बघायला येणार होता.

त्या दिवशी भोंगा शाळेतून घरी आली ती उड्या मारतच. दप्तर खुर्चीवर, बूट दोन दिशांना.

“बाबा! तुम्ही निर्दोष आहात!”

“मी तर केव्हाचा सांगतोय,” बाबा म्हणाले. “पण कोणत्या खटल्यात?”

तिने सगळं सांगितलं. मुक्याचा भाग वगळून. पायलोरी नावाचा जंतू, पोटात दडून बसतो, यकृतात चरबी तोच साठवतो, गोळ्या घेतल्या की तो मरतो, तो मेला की यकृत स्वच्छ, यकृत स्वच्छ की बाबा मशीनवर. बाबांचा चेहरा उजळत गेला. आईचा मात्र जागच्या जागी राहिला.

“डॉक्टर असं म्हणाल्या?”

“म्हणजे... अभ्यास म्हणतात.”

“कोणाचा अभ्यास? तुझा? सहामाहीत विज्ञानात दिवे लावलेस तो?”

“आई, विषय बदलू नकोस.”

मागच्या वर्षी हे वाक्य तिने उशीला सांगितलं असतं. आईने तिच्याकडे जरा नव्याने पाहिलं आणि दवाखान्यात जायला ती तयार झाली. निदान डॉक्टर तरी बाबांचे कान उपटतील, अशी तिची अपेक्षा.

दवाखान्यात त्याच डॉक्टर होत्या. त्यांनी कागद उलगडले, मान वर केली आणि त्यांचे डोळे चमकले.

“अरे वा! मुकावाली!”

आईने आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग कन्येकडे. “कसला मुका?”

“शैक्षणिक,” ती म्हणाली.

बाबांना खोकला आला. डॉक्टरांनी तत्परतेने त्यांचं पोट दाबून बघायला घेतलं आणि प्रकरण तिथेच थांबलं, निदान घरी जाईपर्यंत. छातीत जळजळ होते का? “अधूनमधून,” बाबा म्हणाले. “अधूनमधून काय, रोज छाती चोळत बसलेले असतात,” आई म्हणाली. मग श्वासाची तपासणी करू, असं डॉक्टरांनी ठरवलं. पिशवीत फुंकायचं, एक औषध प्यायचं, थोडं थांबायचं, परत फुंकायचं. पोटात तो जंतू असेल तर श्वासात कळतं. जळजळीच्या गोळ्या दोन आठवडे बंद ठेवायच्या आणि तपासणीला रात्रभर उपाशी यायचं.

“आणि तो निघाला की यकृत बरं!” भोंगा म्हणाली.

“असं मी म्हटलं नाही.”

“पण शक्य आहे.”

“शक्य आहे हे खरं.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “तुझ्या वर्गात रोज उशिरा येणारी दोन मुलं आहेत का?”

“वेणी आणि मी.”

“उत्तम. आता तिच्यामुळे तुला उशीर होतो, की तुझ्यामुळे तिला? की दोघींची बसच उशिरा येते? नुसतं एकत्र उशिरा आलात एवढ्यावरून मास्तरांना काय कळणार? हा जंतू आणि हे यकृत यांचं सध्या तसंच चाललंय. काही वेळा एकत्र दिसतात. कोण कोणाला ओढतंय, की कोणीच कोणाला ओढत नाही, ते शोधणं सुरू आहे. जंतू मारल्याने यकृत सुधारतं का, यावरही एकमत नाही. तुझ्या बाबांना जळजळ होते म्हणून मी तपासणी करतेय. यकृताचा निकाल आधीच लावू नकोस.”

तिने मान हलवली. पण मनातल्या मनात तिने निकाल लावून, शिक्षा सुनावून, पायलोरीला तुरुंगातही धाडलं होतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी तिघं दवाखान्यात पोचले. तपासणी करणारा तरुण पिशवी घेऊन आला. तोंडाला मास्क, आवाजात झोप.

“काका, काही खाल्लं-प्यायलं नाही ना?”

“छे! रात्रीपासून अन्नाचा कण नाही,” बाबा म्हणाले. कान पांढरेफटक. अगदी खरं बोलत होते.

त्यांनी पिशवी तोंडाला लावली, गाल फुगवले, आणि तेवढ्यात तिची नजर त्यांच्या मिशीवर गेली. मिशीच्या डाव्या टोकाला हिरवं काहीतरी होतं.

“बाबा, मिशीला काय लागलंय?”

बाबांनी बोट फिरवलं, बोट पाहिलं. “ते होय? पिस्ता.”

तरुणाची झोप उडाली. “काका, तुम्ही आइस्क्रीम खाल्लंत?”

“नाही हो. चाखलं.”

“म्हणजे खाल्लंत.”

“खाल्लं कुठे? चाखलं. हिने सकाळी पिस्ता लावला होता, म्हणाली, जरा बघा, रंगासारखी चव उतरलीय का. मग बघितलं.”

“मीच म्हटलं,” आई जोरात म्हणाली. “चाखायलाच तर बोलावलं. त्यात काय एवढं? चाखणं म्हणजे काय खाणं झालं?”

आणि भोंगा, जिने विज्ञानाच्या जोरावर बापाला सोडवायचं ठरवलं होतं, तीही त्या तरुणावर डोळे वटारून म्हणाली, “आमच्याकडे चाखलेलं मोजत नाहीत.”

म्हणाली आणि मग थांबली. स्वतःचंच वाक्य तिला कुणीतरी दुसऱ्यानेच बोलल्यासारखं ऐकू आलं.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी मिशी बघितली, सगळं ऐकलं, तपासणी पुढच्या आठवड्यावर ढकलली आणि जाता जाता नुसतं विचारलं, “दिवसातून किती वेळा चाखता?”

प्रश्न तसा सोपा होता, पण या घरात तो कधी कुणी विचारलाच नव्हता.

सुट्टीच्या दिवशी भोंगा पुस्तक घेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत बसली. पुस्तक नावाला. मांडीमागे तिने बिस्किटांची रिकामी काचेची बरणी लपवली होती. बाबांनी एकदा चमचा तोंडात घातला की ती तेवढाच एक चमचा बरणीत टाकायची. एवढंच.

आता बाबांना मशीनजवळ यायला बंदी. पण आईच दर थोड्या वेळाने हाक मारायची. “अहो, साखर पुरली का बघा!” बाबा येत, चाखत, जात. “अहो, हे जरा बर्फाळ लागतंय का?” येत, चाखत, जात. पुढे गिऱ्हाईक विचारायचं, “आज काय फर्मास आहे?” खोटं कसं सांगणार? बाबा प्रत्येक डब्यातलं जरा जरा चाखून मग सांगत. चॉकलेटचा पाक आला तो चाखला. स्ट्रॉबेरीचा रस आंबट आहे का, चाखला. उरलेला चमचा सिंकमध्ये टाकायचा जिवावर आलं म्हणून तोही तोंडात. दुपारी जेवायला बसले आणि दोन घासांत उठले. “भूकच नाही गं आज.”

दिवे लावायच्या वेळी तिने बरणी दुकानातल्या टेबलावर आणून ठेवली. काठोकाठ भरलेली. वरचं वितळून खालच्यात मिसळलं होतं आणि सगळ्याचा मिळून एक मातकट गुलाबी रंग झाला होता.

“हे काय गं?” आईने विचारलं. “कुणाचं खरकटं?”

“बाबांनी आज जे खाल्लं नाही ते.”

बाबा हसायला लागले आणि मध्येच त्यांचं हसू विरलं. त्यांनी बरणी उचलली. जड होती. डोळ्यांसमोर धरली, फिरवली.

“एवढं? मी?”

“मी प्रत्येक वेळी तुमच्याएवढाच चमचा टाकला. उलट थोडा कमीच.”

“रोज?”

“आज तर गर्दीसुद्धा नव्हती, बाबा.”

आई स्टुलावर बसली. मग म्हणाली, “मी तुम्हाला चोर म्हणत होते.”

“मीही स्वतःला साव समजत होतो की,” बाबा म्हणाले. त्यांचे कान आता लाल झाले होते. पण खोटेपणाने नव्हे.

“आणि हाका कोण मारत होतं? मीच.” आईने पदराने टेबलावरचा नसलेला डाग पुसला. “एका हाताने मशीन काढून घेतलं आणि दुसऱ्या हाताने चमचा भरवत राहिले.”

पुढच्या आठवड्यात तपासणी नीट झाली. या वेळी मिशी साबणाने धुऊन नेली होती, आणि सकाळपासून आईने बाबांच्या तोंडाकडे पहारेकऱ्यासारखं लक्ष ठेवलं होतं. बरणीची आणि आजोबांच्या चमच्याची हकिकत आईने डॉक्टरांना सांगून टाकली. निकाल आला. पायलोरी होता.

“आहे ना? मग तोच!” बाबा खुर्चीतून अर्धे उठले.

भोंग्यालाही ओठांवर आलेलं ‘तोच!’ गिळावं लागलं. गोड होतं ते वाक्य. पण तिला ती बरणी दिसत होती.

“तो आहे आणि त्याच्यावर औषध द्यायलाच हवं, जठराला त्याचा त्रास आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “यकृतात त्याचा काही वाटा आहे का, मला माहीत नाही. नसेलही. पण बरणीचा वाटा आहे, याबद्दल मला शंका नाही. औषधाने जंतू जाईल. साखर औषधाने जात नाही. ती कमी करायची आणि रोज चालायचं. बरणी कुणाची कल्पना?”

“माझी,” ती म्हणाली. भोंगा झाल्यापासून पहिल्यांदाच एवढ्या हळू.

“आणि तो घरातला एकच चमचा?” डॉक्टर म्हणाल्या. “त्यानेच जंतू पसरला असं मी म्हणत नाही. पण तुमच्यापैकी कुणालाही पोटाचा त्रास असेल तर तपासून घ्या, आणि प्रत्येकाने आपापला चमचा घ्या. त्यासाठी संशोधनाची वाट बघायची गरज नाही.”

तिघं घरी निघाले. वाटेत बाबा म्हणाले,

“मशीन विकून टाकू.”

भोंगा रस्त्यातच थांबली. “काय?”

“तुझी आई म्हणत होती ते बरोबर होतं, फक्त कारण चुकीचं होतं. मी त्या मशीनजवळ असलो की चाखणार. चाखलं की ते पोटात जाणार. न चाखता आइस्क्रीम करणं मला जमायचं नाही. मग ते माझं नव्हेच.” ते अगदी शांतपणे बोलले, जणू दुसऱ्या कुणाच्या दुकानाबद्दल. “उद्या तो माणूस येतोय ना बघायला? देऊन टाकू.”



झालं! बापाला सोडवायला निघालेल्या वकीलबाईंनी स्वतःच्या हाताने असा पुरावा गोळा केला होता की अशिलाला जन्मठेप. त्याच दुपारी शाळेत तिने मैत्रिणींना सांगितलं तेव्हा तिचा आवाज पुन्हा कॉलरमध्ये गेला होता. चष्मिश म्हणाली, “पुटपुटी परत आली वाटतं.” वेणीने तिला कोपराने ढोसलं. “गप गं. हिचा चेहरा बघ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दात घासत उभी होती. रडायचंही होतं, पण तोंडात फेस असताना रडता येत नाही. तिने चूळ भरली, थुंकली, आरशात बघितलं. पुदिन्याचा गारवा जिभेवर तसाच होता. टाळ्यावर, गालांच्या आत, नाकातही. आणि पोटात? पोटात काहीच नव्हतं. पोटाला पत्ताही नव्हता.

तिने परत चूळ भरली आणि परत थुंकली. मग बेसिनसमोर उभी राहून एकटीच मोठ्याने म्हणाली, “अगं बाई!”

शाळेत जायच्या आधी तिने डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला. पलीकडून आवाज आला, “थुंकलं तर बरंच कमी जाईल. थोडं जाईलच, तेवढं चालेल. पण बाकीची साखर तुझ्या बाबांनी सोडायची, आणि चालायचं, ते चुकणार नाही. कोण बोलतंय? मुकावाली का?”

मग ती दुकानात पोचली. खरेदीदार दुपारी येणार होता आणि बाबा मशीन पुसत होते, लग्नाला निघालेल्या मुलीचे केस विंचरावेत तसे. आई पहाटे केलेलं व्हॅनिला डब्यात भरत होती.

“बाबा, बसा. डोळे मिटा.”

“काय गं आता? अजून एक बरणी?”

“मिटा म्हणते ना!” तिने त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. मांडीवर प्लास्टिकचं टोपलं दिलं, हातात पाण्याचा ग्लास. नवा कोरा चमचा काढला, व्हॅनिला घेतलं. “तोंडात घ्या. घोळवा. गिळायचं नाही. गिळलंत तर माझ्याशी बोलू नका. आता थुंका.”

“आइस्क्रीम थुंकायचं?” बाबा तोंड भरलेलं असतानाच कळवळले. “आजोबांच्या मशीनसमोर?”

“थुंका!”

बाबांनी थुंकलं, चूळ भरली, परत थुंकलं. आई डबा हातात धरून थांबली होती.

“व्हॅनिला,” बाबा हळूच म्हणाले.

“ते काय, कुणीही सांगेल,” आई म्हणाली.

“व्हॅनिला मिश्रण गरम असतानाच घातलंय. निम्मा वास तिथेच उडाला.” ते टॉवेलाखाली हसू लागले. “आणि दूध थोडं लागलंय तळाशी. लक्ष दुसरीकडे होतं का गं तुझं?”

आईने डबा खाली ठेवला. “होतं,” ती म्हणाली. “मशीन जाणार म्हणून रात्रभर झोपले नव्हते, म्हणून लागलं.”

बाबांनी टॉवेल काढला. दोघं एकमेकांकडे बघत बसले. आई-बाबा असे गप्प बसले की पूर्वी पुटपुटी हळूच खोलीबाहेर सरकायची.

भोंग्याने आजोबांचा चमचा दोरीवरून सोडवला, धुतला, पुसला आणि मशीनच्या वर खिळ्याला टांगला, शोभेसाठी. खाली तीन नवे चमचे ठेवले. मग कमरेवर हात ठेवून, नाटकाच्या पडद्याबाहेर उभी राहिली होती तशी उभी राहिली.

“आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय. मशीन कुठेही जाणार नाही. आजपासून बाबा मशीनवर, आई काउंटरवर. बाबा चाखतील आणि थुंकतील, आणि शाळा सुटली की टोपलं धरायला मी असेन. आई, तू हाक मारलीस की आधी विचारायचं, ‘थुंकलंत का?’ गोळ्या वेळच्या वेळी, कारण पायलोरीला हाकलायचंच आहे. आणि संध्याकाळी तिघांनी चालायला जायचं, पाऊस असो नाहीतर सामना असो. यकृत सुधारलं तर ते जंतूमुळे की बरणीमुळे, ते संशोधकांनी भांडून ठरवावं, मला घाई नाही. आणि फोन द्या इकडे. त्या माणसाला ‘येऊ नका’ म्हणून मीच सांगणार आहे.”